यात्रेकरूंच्या मोबाईलमधील आपत्कालीन क्रमांक : निवड व नोंद

देवदर्शनास निघताना भाविक सामानाची यादी काळजीपूर्वक करतात. मात्र मोबाईलमधील क्रमांकांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. गर्दीत एखाद्या वृद्ध भाविकास भोवळ आली, तर मदतीस धावणारी व्यक्ती बहुधा अनोळखी असते. मोबाईलला कुलूप असल्यास तिला तो उघडता येत नाही. उघडला तरी शेकडो नावांतून कोणास कळवावे, हे उमजत नाही.

या अडचणीवर बॉब ब्रॉची या ब्रिटिश रुग्णवाहिका-कर्मचाऱ्याने २००५ साली एक सोपा उपाय सुचविला. जवळच्या व्यक्तीचा क्रमांक ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’ या शब्दांच्या आद्याक्षरांनी, म्हणजे ‘आयसीई’ या खुणेने साठवावा, अशी ती कल्पना होती. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि त्यानंतर ती दूरवर पोहोचली.

कोणाची निवड करावी?

१. किमान एक व्यक्ती यात्रेत सोबत नसलेली असावी. पती पत्नीचा व पत्नी पतीचा क्रमांक नोंदविते; परंतु दोघेही एकाच दर्शनरांगेत असतात. तिरुमला, जगन्नाथपुरी यांसारख्या अनेक देवस्थानांत मंदिरात मोबाईल नेण्यास मनाई असल्याने दोघांचेही मोबाईल बाहेर जमा असतात. अशा वेळी घरी असलेली व्यक्तीच उपयोगी पडते. चुकामूक झालेले सर्वजण तिच्याकडे निरोप ठेवू शकतात.

२. त्या व्यक्तीस भाविकाचे आजार, चालू औषधे व न सोसणारी औषधे ठाऊक असावीत. मधुमेह वा हृदयविकार असल्यास ही माहिती डॉक्टरांना तातडीने लागते.

३. मुले परदेशी असल्यास त्यांचा क्रमांक दुसरा ठेवावा. पहिला क्रमांक लवकर येऊन पोहोचू शकेल अशा नातलगाचा, शेजाऱ्याचा वा स्नेह्याचा असावा.

४. निवडलेल्या व्यक्तीस तसे आधी सांगावे. फसव्या दूरध्वनींच्या भीतीने अनोळखी क्रमांक न उचलण्याची सवय हल्ली अनेकांना जडली आहे. यात्रेच्या दिवसांत तिने असे दूरध्वनी घ्यावेत. मात्र अपघाताची बातमी देऊन कोणी पैसे मागितल्यास रुग्णालयाकडे वा पोलिसांकडे खात्री केल्यावाचून ते पाठवू नयेत.

नोंद कशी करावी?

‘बाळू’, ‘ताई’ अशा घरगुती नावांवरून परक्यास नाते कळत नाही. ‘मुलगा – पुणे’, ‘सून – नाशिक’ अशी नोंद करावी. स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहितीची सोय असते. आयफोनमध्ये तिला ‘मेडिकल आयडी’ म्हणतात. तेथे क्रमांक, रक्तगट व आजार भरून ही माहिती कुलूपबंद पडद्यावरून दिसेल अशी व्यवस्था करावी. निघण्यापूर्वी घरातील दुसऱ्या कोणाकडून ती उघडवून पाहावी.

मोबाईलची बॅटरी संपते, तो हरवतो, पाण्यात भिजतो. म्हणून तेच क्रमांक कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून प्रत्येकाने अंगावर बाळगावेत. वृद्ध व लहान मुले यांच्या खिशात अशी चिठ्ठी अवश्य असावी. मुक्कामाच्या भक्तनिवासाचे नाव व खोली क्रमांकही तिच्यावर लिहावा.

सार्वजनिक क्रमांक

पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून रुग्णवाहिकेसाठी १०८ ही सेवा उपलब्ध आहे. प्रसंग गंभीर असल्यास प्रथम या क्रमांकांवर मदत मागावी. नातलगांना त्यानंतर कळवावे.

चुकामूक झाल्यास भाविकांनी शोधाशोध करीत गर्दीत फिरू नये. जवळच्या चौकशी कक्षात अथवा पोलीस मदत केंद्रात जाऊन चिठ्ठी दाखवावी व तेथेच थांबावे. भाविक सुखरूप घरी परतले, म्हणजेच यात्रा पूर्ण झाली.