डोके आणि मान यांच्यामधला सांधा

मानदुखीवर या सदरात पूर्वी लिहिले होते. त्यानंतर भेटलेल्या बऱ्याच वाचकांचा एकच प्रश्न होता. ‘सलूनमध्ये केस कापून झाले की मान मोडून घेतो, कट्‌कन आवाज येतो, बरे वाटते. ते चालते का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मानेच्या अगदी वरच्या टोकाची रचना थोडी समजून घेऊ. अंगातला इतका कामाचा आणि इतका दुर्लक्षित सांधा दुसरा क्वचितच असेल.

मानेत सात मणके असतात. त्यांपैकी वरचे दोन बाकीच्या पाचांसारखे मुळीच नाहीत. पहिला मणका म्हणजे हाडाचे नुसते कडे. त्यावर आपले चार-पाच किलो वजनाचे डोके टेकलेले असते, म्हणून ग्रीक पुराणातल्या आकाश पेलणाऱ्या ॲटलासचे नाव त्याला मिळाले. दुसऱ्या मणक्याला ॲक्सिस म्हणतात. त्याच्या पुढच्या भागातून करंगळीच्या टोकाएवढी हाडाची खुंटी वर निघते आणि वरच्या कड्यात पुढच्या बाजूला बसते. जाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. खालच्या दगडात मधोमध मेख असते आणि तिच्याभोवती वरचा दगड फिरतो. आपण ‘नाही’ म्हणून मान हलवतो तेव्हा हेच घडते. मान डावी-उजवीकडे जितकी वळते त्यातले जवळजवळ निम्मे वळणे या एका जोडात होते. ‘हो’ म्हणण्याची हालचाल मात्र मुख्यतः त्याच्या वर, कवटी आणि कडे यांच्यामध्ये होते.

जात्यात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. आपल्या कड्यात त्या खुंटीच्या मागूनच मज्जारज्जू खाली उतरतो. कड्यातली जागा पुढून मागे मोजली तर साधारण एक तृतीयांश खुंटीची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि उरलेली एक तृतीयांश मोकळी. खुंटी आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये एक आडवा चिवट पट्टा, म्हणजे अस्थिबंध, असतो. तो खुंटीला जागेवर धरून ठेवतो. हा पट्टा सैल झाला, तुटला किंवा खुंटीच मोडली, तर मान पुढे वाकवताना कडे पुढे सरकते आणि मज्जारज्जू चेपला जातो. हातापायांना जाणारे सगळे संदेश इथूनच जातात. श्वासाच्या स्नायूंना हुकूम देणारे तंतूही इथूनच जातात, म्हणून इथली मोठी इजा जागच्या जागी प्राण घेऊ शकते.

हा पट्टा सैल होण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे आमवात, ज्यात सकाळी बोटे आखडतात आणि पुढे वाकडी होतात. तो फक्त हाताच्या सांध्यांचा रोग नाही, मानेच्या या सांध्यालाही तो पोखरतो. माझ्याकडे अनेक वर्षे आमवाताने आजारी असलेल्या एक मावशी आल्या होत्या. पोळी लाटता येईना, ब्लाऊजचे हूक लागेनात. घरचे म्हणत, बोटेच वाकडी झालीत, दुसरे काय होणार? बोलता बोलता मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, पायातून चप्पल कधी निघते ते कळतच नाही. चार पावले गेल्यावर कोणीतरी मागून आणून देते.” आता बोटांच्या आमवाताने चप्पल निघत नाही! पायांतले रिफ्लेक्स तपासले तर नको तितके जोरात. मानेचा बाजूने एक्स-रे काढला तेव्हा खुंटी आणि कडे यांच्यामधली फट आठ मिलिमीटर भरली. मोठ्या माणसात ती तीन मिलिमीटरपर्यंत, लहान मुलात पाचपर्यंत असावी. घरच्यांनी तोवर दोन महिने मान चोळून आणि ओढून घेतली होती. त्यांचे नशीब बलवत्तर. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, आज त्या आपल्या पायांनी चालतात. बोटांतली शक्ती मात्र पूर्ण परत आली नाही. मज्जारज्जू जितके दिवस दबलेला राहतो तितके परत मिळवणे अवघड होते.

कारणे आणखीही आहेत. क्षयरोग या सांध्यात बसू शकतो. महिना-महिना न थांबणारी मानदुखी, बारीक ताप, वजन घटणे आणि डोके दोन्ही हातांनी धरून उठण्याची सवय दिसली तर क्षयाचा विचार करावा. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि मानेचा पट्टा व औषधे यांवर बरेच रुग्ण बरे होतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे अस्थिबंध मुळातच सैल असतात, त्यांना कोलांट्याउड्या मारायला लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे. घसा किंवा टॉन्सिल सुजल्यानंतर मुलाची मान एकाएकी वाकडी झाली आणि सरळ होईना, तर ‘उशी चुकली’ म्हणून शेकत बसू नये.

काहींच्या जोडात जन्मतःच दोष असतो. मान आखूड, मागचे केस फार खालपर्यंत उगवलेले, डोके किंचित कलते. खुंटी कवटीच्या तळाच्या भोकात वर चढलेली असते, किंवा लहान मेंदूचा खालचा भाग त्या भोकातून मानेत उतरलेला असतो. या दुसऱ्या प्रकाराला हान्स कियारी या वैद्याचे नाव आहे, त्याने १८९१ साली त्याचे वर्णन केले. अशा माणसाला खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना मानेच्या मागे कळ येते. काहींच्या मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होते आणि हाताला गरम-गार कळेनासे होते. चुलीवरचे भांडे उचलताना फोड येतात, पत्ता नसतो. आपल्याकडे असा माणूस पाहिला की लोकांच्या मनात आधी कुष्ठरोग येतो. ती तपासणी जरूर करावी, पण ती नकारार्थी आली म्हणून स्वस्थ बसू नये. मानेचा एम.आर.आय. काढावा.

आता मूळ प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : मान मोडून घेऊ नये. धडधाकट माणसालाही नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर येतात आणि त्या कड्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मानेला अचानक हिसका बसला तर धमनीचे आतले अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडलेले आहे. तरुणांनाही. आणि ज्याचा हा सांधा आधीच सैल आहे, त्याला तो एक हिसका पुरतो. आपला सांधा सैल आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते, ही यातली खरी गोम.

मान दुखते म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. शंभरातल्या बहुतेकांची मान कामाच्या बैठकीने, ओझ्याने किंवा वयाने दुखते. पण मानेबरोबर हातपाय तक्रार करू लागले, बटण लागेना, अक्षर बिघडले, चालताना पाय ताठ वाटू लागले, मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखे झाले, तर मालीश, शीर्षासन, मानेला वजन लावणे, डोक्यावरून हंडा किंवा पोते वाहणे सगळे बंद ठेवून तपासणी करावी. साध्या समोरच्या एक्स-रेत जबडा आणि दात आड येतात, म्हणून तोंड उघडून एक वेगळा एक्स-रे काढावा लागतो. मान वाकवून काढायचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तसाच काढावा. आमवाताच्या रुग्णाने, शस्त्रक्रिया कोणतीही असो, भूलतज्ज्ञाला आजार आधी सांगावा, कारण नळी घालताना मान मागे वाकवतात.

या सांध्याच्या शस्त्रक्रियेत मुंबईचा वाटा मोठा आहे. पूर्वी हे दोन मणके तारेने आवळत आणि रुग्ण महिनोन्‌महिने जखडून पडे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून ते पट्टीने जोडण्याची पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळी वापरली. आज जगभर ही पद्धत गोयल-हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते. मान वळणे त्यानंतर कमी होते, पण मज्जारज्जू वाचतो.

शेवटी अपघाताविषयी. मोटारसायकलवरून, झाडावरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसाला चौघे जण हातपाय धरून उचलतात, डोके लोंबकळत राहते आणि त्याला दुमडून रिक्षात कोंबतात. खुंटी मोडलेली असेल तर खरे नुकसान तेव्हाच होते. घरात पाय घसरून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचीही ही खुंटी मोडू शकते. १०८ वर फोन करावा. गाडी येईपर्यंत त्याला बसवू नये, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नये. डोके दोन्ही हातांनी सरळ रेषेत स्थिर धरावे आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावाव्यात. हलवणे भागच असेल तर एकाने फक्त डोके सांभाळावे, त्याच्या इशाऱ्यावर बाकीच्यांनी अंग ओंडक्यासारखे एकसंध वळवून फळीवर घ्यावे. फळी नसेल तर घराचे दार काढून आणावे.