खुरप्याची मूठ हाताच्या मापाची हवी

भोर तालुक्यातील किकवी हे गाव पुणे-सातारा महामार्गावर वसलेले आहे. या भागात भाताची भांगलण बहुतांशी स्त्रियांच्या हातून होते. पावसाळ्यात खाचरांच्या बांधांवरून हिंडले असता पुष्कळ खुरप्यांच्या मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या आढळतात. मुठी फुटल्या असाव्यात असा प्रस्तुत लेखकाचा प्रथम समज झाला होता. एका बाईंनी चिंधी सोडून दाखविली, तेव्हा मूठ शाबूत निघाली. मात्र ती इतकी बारीक होती की, बोटे मिटताच नखे तळव्यात रुतत. “साहेब, बाजारात अशीच मिळतात,” एवढेच त्या म्हणाल्या. चिंधीसकट मुठीचा घेर दोऱ्याने मोजला, तो दहा सेंटिमीटरच्या आसपास भरला.

हे माप अगदी योग्य होते. प्रौढ माणसाच्या हाताला साधारणपणे तीन ते चार सेंटिमीटर जाडीची गोल मूठ सोसते. स्त्रियांसाठी तीन ते साडेतीन, म्हणजे घेर साडेनऊ ते अकरा सेंटिमीटर. मूठ याहून बारीक असल्यास ती हातातून फिरू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात व मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दुखू लागतात. फार जाड असल्यास बोटे पुरती मिटत नाहीत आणि पकड ढिली पडते. त्या बाईंनी जे चिंधीने साधले, ते अवजार घडवितानाच साधावयास हवे होते. चिंधी पावसात भिजते, तिच्यात वाळूचे कण अडकतात आणि त्यांनीच पुढे हाताला फोड येतात.

जाडीइतकेच लांबीकडेही लक्ष द्यावे. मूठ आखूड असली, तर तिचे टोक तळव्याच्या मधोमध रुतते. तेथून बोटांकडे जाणाऱ्या शिरा व मज्जातंतू दबतात आणि हाताला मुंग्या येतात. याकरिता मूठ अकरा-बारा सेंटिमीटर लांब असावी, म्हणजे तिचे टोक तळव्याबाहेर राहते. टोक गोलसर घासून घ्यावे. लाकूड बाभळीचे चांगले. त्यावर चकचकीत रोगण न देता जवसाचे तेल चोळावे. घामेजलेल्या हातातून रोगणाची मूठ निसटते.

पुण्यात गच्चीवर वा अंगणात भाजीपाला लावणाऱ्या मंडळींना वाटेल की, आपले काम ते केवढे! परंतु ज्यांच्या हाताला कष्टाची सवय नाही, किंवा सांधे दुखतात, त्यांना चुकीची मूठ अधिक लवकर जाणवते. दुकानांतून बोटांच्या खाचा पाडलेल्या रंगीत मुठी मिळतात. त्या दिसावयास मोठ्या सोयीच्या; पण ज्या हाताच्या मापाने खाचा पाडल्या, तो हात सोडून इतरांच्या बोटांखाली उंचवटे येतात. साधी, किंचित लंबगोल मूठ त्यापेक्षा बरी.

मनगट सरळ राहणे हेही महत्त्वाचे. माती उकरताना मनगट मुडपावे लागत असेल, तर पात्याचा बाक चुकलेला आहे असे समजावे आणि लोहाराकडून तो बदलून घ्यावा. धारेचेही तसेच. बोथट पात्याला जास्त जोर लागतो. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने भातकापणीसाठी काढलेला दातेरी ‘वैभव’ विळा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही.

ओणवे बसण्याचा त्रास मात्र कोणत्याही मुठीने जात नाही. १९५३ पासून जपानी भातशेतीचा देशभर प्रसार झाला, तेव्हा ओळींतून उभ्याने ढकलावयाचे कोळपे आले; पण त्यास सरळ ओळीतील लावणी लागते. गच्चीवर कुंड्या विटांच्या थरावर मांडून हाच त्रास पुष्कळ कमी करता येतो.

नवी मूठ करवून घ्यावयाची असल्यास जुन्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी थोडी थोडी गुंडाळत जावी. मूठ धरली असता अंगठ्याचे टोक तर्जनीच्या पहिल्या पेरावर आले की थांबावे, घेर दोऱ्याने मोजावा आणि तो दोरा सुताराकडे न्यावा. घरातील प्रत्येकाचा दोरा निराळा ठेवावा. अवजार वापरणारा डावखुरा असल्यास तेही सांगावे, कारण एका बाजूस बाक व धार असलेले खुरपे डाव्या हातास उलटे पडते.