डिझेल इंजिनात गॅस : लाभ किती, धोका किती?

(एस. वाय. बी. ए.)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु विहिरीवरच्या इंजिनाच्या पाण्यावर ज्यांचे शिक्षण चालले आहे, असे माझ्यासारखे अनेकजण याच वर्गांत बसतात. रावेर-यावलची केळी असो की शिरपूरकडचा कापूस, वीज नसली म्हणजे पुष्कळ ठिकाणी पाणी डिझेल इंजिनच ओढते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि पुढे हे यंत्र खेडोपाडी पोचले.

डिझेल महागले की, "इंजिनाला गॅस जोडा, ताकद वाढते, डिझेल वाचते," असा सल्ला कानी येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आत घेतलेली हवा दट्ट्या साधारण सोळा-अठरा पट दाबतो, ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. डिझेलला त्यासाठी सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता पुरते. स्वयंपाकाच्या गॅसला (प्रोपेन व ब्यूटेन) ४०० अंशांहून अधिक लागते. म्हणून हवेच्या नळीतून गॅस सोडला तरी थोडे डिझेल फवारावेच लागते. डिझेल ही काडी आणि गॅस हे सरपण, असे म्हणा ना!

भार जड असेल तर हे सरपण चांगले जळते, काळा धूर कमी होतो व जोर वाढतो. मात्र जोर वाढतो तो मुख्यतः जादा इंधन आत गेल्यामुळे. वाचलेले डिझेल सांगणारे लोक जळलेल्या गॅसचा हिशेब सहसा सांगत नाहीत. भार हलका असेल तर हवेत विरळ झालेला गॅस पुरता जळत नाही, धुराड्यातून तसाच निघून जातो. मुंबई-आग्रा रस्त्यावर भरून घाट चढणारा ट्रक आणि रिकामा परतणारा ट्रक यांचा हिशेब म्हणूनच वेगळा. गॅस फार झाला तर इंजिन ठोके मारू लागते आणि दट्ट्यालाच इजा होते.

खरी भीती पुढेच आहे. पंप सहा-सात मीटरपेक्षा खोलून पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खाली गेले की कित्येक ठिकाणी इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर वर न जाता विहिरीच्या तळाशी साचतो. मग एक ठिणगी पुरे. नुसत्या डिझेलच्या धुरानेही बंद विहिरीत माणूस गुदमरतो, तिथे ही भर कशाला? शिवाय १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज वापरण्यास २००० सालच्या सरकारी आदेशाने बंदी आहे.

गोबरगॅस त्या मानाने बरा. तो हवेहून किंचित हलका असतो आणि डिझेलची ८० टक्क्यांपर्यंत बचत करतो. पण पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला सव्वादोन घनमीटर गॅस लागतो आणि एका जनावराच्या दिवसाच्या दहा किलो शेणापासून मिळतो सुमारे ०.४ घनमीटर. म्हणजे तासभर पाण्याला पाच-सहा जनावरे हवीत. ज्याच्या दावणीला दोनच बैल, त्याचे इंजिन तूर्त डिझेलवरच चालणार.