हरकतीची भाषा : ड्राइव्ह-थ्रू आणि नामफलक

अर्ज आणि तक्रार या लेखनप्रकारांशी तुमचा परिचय आहेच. हरकत हा त्यांचा जवळचा, पण स्वभावाने वेगळा प्रकार आहे. तक्रार बहुधा घडलेल्या गोष्टीविषयी असते, तर हरकत घडू घातलेल्या गोष्टीविषयी. हा शब्द मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ ‘हालचाल’ असा आहे. मराठीत मात्र तो हालचाल रोखणाऱ्या विरोधाचा वाचक झाला. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ‘हरकती व सूचना’ मागविणारी जाहीर सूचना आपण वृत्तपत्रात वाचतो. ती वाचून लिहिण्याचे धाडस मात्र थोडेच करतात.

या प्रकाराचे व्याकरण समजून घेण्यासाठी इंग्लंडमधील उदाहरण सोयीचे आहे, कारण तेथे एखाद्या उपाहारगृहाच्या बांधकाम-अर्जावरही शेजाऱ्यांना आपले म्हणणे स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे लेखी मांडता येते. समजा, वस्तीलगत ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीशी खाद्यपदार्थ घेण्याची मार्गिका, प्रस्तावित आहे. तिच्यावर आलेली ही दोन काल्पनिक वाक्ये पाहा :

(अ) ‘या उपाहारगृहामुळे आमच्या घरांच्या किमती कोसळतील व जुन्या खाणावळी बुडतील.’

(आ) ‘नकाशात मार्गिकेत आठ गाड्यांची जागा दाखवली आहे. नववी गाडी आल्यास रांग मुख्य रस्त्यावर येईल व समोरच्या शाळेतील मुलांना रस्ता ओलांडणे धोक्याचे होईल.’

पहिले वाक्य कळकळीचे आहे, कदाचित खरेही आहे. तरीही ते निष्फळ ठरते. घराची किंमत, खिडकीतून दिसणारे दृश्य, व्यवसायातील स्पर्धा या बाबी तेथील नियोजनाच्या निर्णयात सामान्यतः विचारात घेतल्या जात नाहीत. वाहतूक, आवाज, प्रकाश, कचरा यांचा विचार होतो. दुसऱ्या वाक्याची शक्ती त्याच्या रचनेत आहे. त्यात नकाशातील आकडा आहे, ‘आल्यास’ हे संकेतार्थी रूप आहे आणि परिणाम कोणावर होणार याचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘नागरिकांना त्रास होईल’ या आपल्या लाडक्या वाक्यात यांतले काहीच नसते. कोणते नागरिक, कोणता त्रास, केव्हा? वाचणाऱ्या अधिकाऱ्याने ते शोधावे अशी आपली अपेक्षा असते, आणि तो शोधत नाही.

मागणीच्या वाक्याकडेही लक्ष द्या. ‘परवानगी नाकारावी’ एवढेच लिहून थांबू नये. ‘परवानगी द्यावयाचीच झाल्यास रात्री दहानंतर मार्गिका व तेथील ध्वनिवर्धक बंद ठेवण्याची अट घालावी’ असे पर्यायी वाक्य जोडावे. ‘द्यावयाचीच’ मधील ‘च’ येथे फार मोलाचे काम करतो : मूळ विरोध न सोडता तो तडजोडीला जागा ठेवतो. अनेकदा हरकतीतून पदरात पडते ते एवढेच, आणि झोपेच्या दृष्टीने ते थोडे नव्हे.

फलकांचा मामला निराळा. इंग्लंडमध्ये जाहिरातफलकांसाठी स्वतंत्र संमती लागते आणि २००७ च्या नियमांनुसार तिचा निर्णय दोनच निकषांवर होतो : सार्वजनिक सुरक्षितता आणि ‘अमेनिटी’. या दुसऱ्या शब्दाने अनुवादकाची परीक्षा पाहिली आहे. आपल्या नगररचनेच्या परिभाषेत त्यासाठी ‘सुविधा’ रूढ आहे. पण येथे अभिप्रेत आहे ते परिसराचे सुखद रूप. ‘फलकामुळे सुविधेस बाधा येते’ असे भाषांतर केले, तर वाचकाला फलक पाण्याच्या नळाआड आला असे वाटेल! ‘परिसराची शोभा’ हे साधे शब्द मला अधिक जवळचे वाटतात. अमेरिकेत ॲरिझोनातील सेडोना येथे १९९३ साली मॅकडोनाल्ड्सच्या सुप्रसिद्ध पिवळ्या कमानी निळसर-हिरव्या करण्यात आल्या, कारण लाल खडकांच्या पार्श्वभूमीवर पिवळा रंग विसंगत वाटत होता. तेथे प्रश्न शोभेचा होता. फलकावरील नाव कोणत्या भाषेत आहे, याचा नव्हता.

महाराष्ट्रात नेमका हाच प्रश्न कायद्याने विचारला आहे. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ साली झालेल्या सुधारणेनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक झाले. अन्य भाषांना मनाई नाही; मात्र मराठी अक्षरे आरंभी हवीत आणि त्यांचा आकार इतर भाषांतील अक्षरांहून लहान नसावा. म्हणून ‘या उपाहारगृहाने मायमराठीचा अपमान केला आहे’ यापेक्षा ‘फलकावर इंग्रजी नाव वर व मोठ्या अक्षरांत, तर मराठी नाव खाली व लहान अक्षरांत आहे’ हे विधान उपयोगी. ते मोजपट्टीने तपासता येते.

येथे भाषा आणि लिपी यांतील भेद विसरू नका. विशेषनाम देवनागरीत लिहिले की पुरते, कारण विशेषनामाचा अनुवाद होत नाही. पण त्याखाली ‘ड्राइव्ह थ्रू ओपन टिल मिडनाइट’ असे लिहिले, तर लिपी देवनागरी आहे, भाषा कोणती? ‘ड्राइव्ह-थ्रू’ हा शब्द मराठीने घेतला असे मानता येईल. ‘ओपन टिल’ ही वाक्यरचना घेतली असे म्हणता येणार नाही.

स्वाध्याय : तुमच्या गावातील एका उपाहारगृहाचा नामफलक पाहून त्यातील मराठी मजकुराचे स्थान, अक्षरांचा आकार व भाषा यांची नोंद करा. नंतर तेथे ड्राइव्ह-थ्रू मार्गिका प्रस्तावित आहे असे समजून दीडशे शब्दांत हरकत लिहा. त्यात एक मोजता येणारी बाब आणि एक पर्यायी अट असावी. ‘त्रास’ हा शब्द वापरू नये.