अरुंद पडद्यावरचा बाजारभाव

पुणे

चि. अनिकेत यास,


बाजार समितीच्या संकेतस्थळाचे तू पाठवलेले तिन्ही आराखडे नीट पाहिले. ३७५ पिक्सेलचा मोबाइल, ७६८ चा टॅब्लेट आणि १४४० चा लॅपटॉप. रंग शांत आहेत, मोकळी जागा सोडण्यात तुझा हात पहिल्यापासून चांगला आहे. पण मोबाइलच्या आराखड्यात बाजारभावाच्या तक्त्यातून ‘आवक’ आणि ‘जात/प्रत’ हे दोन रकाने तू काढून टाकलेस आणि खाली लिहिलंस, ‘सविस्तर माहितीसाठी संगणकावर पाहा’. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे.

हा भाव पाहणार कोण? आज ट्रॅक्टर भरायचा की दोन दिवस थांबायचं, हे ठरवणारा शेतकरी. त्याच्या घरी लॅपटॉप असेलच असं नाही, आणि असला तरी पहाटे निघायच्या घाईत तो खिशातला मोबाइलच काढणार. आवक हा त्याच्यासाठी भावाइतकाच महत्त्वाचा आकडा आहे. काल किती गाड्या उतरल्या यावरून उद्याचा अंदाज तो बांधतो. लाल कांद्याचा भाव आणि उन्हाळ कांद्याचा भाव वेगळा, तेव्हा जात कळली नाही तर नुसता ‘कांदा’ आणि त्यापुढचा आकडा त्याच्या काय कामाचा? ज्याच्यावर त्याचा निर्णय अवलंबून, तेच तू काढलंस. पडदा लहान आहे म्हणून माणसाला माहिती कमी द्यायची, हे मला मान्य नाही. मांडणी बदल, क्रम बदल, एखादी गोष्ट घडी घालून ठेव. मजकूर मात्र सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे.

समितीच्या लोकांना हे पटवायचं असेल तर एक व्यवहाराचं कारणही सांग. गूगल आता संकेतस्थळाची मोबाइलवरची आवृत्ती वाचूनच नोंद ठेवतं. जुलै २०१९ पासून नव्या संकेतस्थळांसाठी तोच रिवाज आहे. मोबाइलच्या पानावर जे नाही, ते शोधातही सापडायचं नाही.

तुझ्या मनात जे चित्र आहे ते मला आराखड्यांवरून दिसतं. रुंद पान हे मूळ, आणि मोबाइल म्हणजे त्याची काटछाट. खरी गोष्ट उलटी आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संशोधन संस्थेत पहिलं संकेतस्थळ उभं केलं, त्या पानाला ठरावीक रुंदीच नव्हती. त्याची प्रत आजही पाहायला मिळते. संगणकावर उघड आणि खिडकी ओढून अरुंद कर. ओळी आपोआप मोडून खाली येतात. ताठ मापं आपण नंतर आणली. छापील पानाची सवय असलेली माणसं या कामात आली, १०२४ पिक्सेलचे मॉनिटर सगळीकडे झाले आणि ९६० पिक्सेलचं पान हा जणू नियमच ठरला. जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियातल्या डिझायनरनं २००० सालीच ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात मांडलं होतं की पान लवचीक असणं ही वेबची उणीव नाही, तो तिचा गुण आहे आणि तो धरूनच काम करायला हवं. लेख गाजला, पण ९६० चं पान काही हटलं नाही.

मग २००७ साली आयफोन आला. पडदा ३२० पिक्सेल रुंद आणि जगातली पानं त्याच्या तिप्पट. म्हणून त्याचा ब्राउझर आपला पडदा ९८० पिक्सेलचा आहे असं धरून पान मांडायचा आणि मग सगळं आकसून दाखवायचा. तू प्रत्येक पानाच्या डोक्यावर व्ह्यूपोर्टची जी ओळ डकवतोस, ती त्यातून निघाली. खोटी रुंदी धरू नकोस, आहे तीच धर, एवढंच ती ब्राउझरला सांगते. ती राहून गेली तर खालची सगळी मेहनत फुकट, हे लक्षात ठेव. त्याच काळात लोकांनी मोबाइलसाठी वेगळी संकेतस्थळं काढली. मजकूर दोन ठिकाणी, त्यातला एक ताजा आणि दुसरा शिळा, असा तो सगळा कारभार. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी त्याच ‘अ लिस्ट अपार्ट’मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख लिहिला, तोही ऑलसॉपच्या उताऱ्यानं सुरुवात करून. टक्क्यांत आखलेली ग्रिड, जागेप्रमाणे आकसणारी चित्रं आणि पडद्याच्या रुंदीनुसार नियम बदलणारी मीडिया क्वेरी, या तीन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. तिन्ही आधीपासून होत्या. त्या एकत्र वापरल्या की एकच पान सगळीकडे चालतं, हे त्यांनी दाखवलं.

म्हणून माझं तुला सांगणं असं, की आधी सर्वात अरुंद पान पूर्ण लिही. त्यात काहीही वगळू नकोस. मग जागा वाढेल तशी मांडणी पसरव आणि मीडिया क्वेरी ‘मिन-विड्थ’नं लिही. मांडणी जिथे बदलते ती मापं, म्हणजे ब्रेकपॉइंट, ३७५, ७६८ अशी फिग्मा या आराखड्याच्या साधनातल्या चौकटींवरून घ्यायची नाहीत. खिडकी हळूहळू रुंद करत जा. ज्या मापाला ओळ फार लांब होते किंवा रकाने विस्कटतात, तिथे ब्रेकपॉइंट टाक. मग तो ५६० ला येवो नाहीतर ९१० ला. २०१९ मध्ये घडीचा सॅमसंग फोल्ड आला तेव्हा त्याच्या बाहेरच्या पडद्याची रुंदी ब्राउझरच्या हिशेबानं २८० पिक्सेल होती. जिओफोनचा पडदा २४० चा, आणि तो बटणांवर चालणारा. उद्या काय येईल ते कोण सांगणार? उपकरणांच्या मागे धावणारा दरवर्षी नव्यानं धावतो.

आता तुझा तक्ता घेऊ, कारण खरं काम तिथेच आहे. समितीनं दिलेले रकाने सात: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. ३६० पिक्सेलमध्ये सात रकाने मावणार नाहीत, हे खरं. बरेच जण अशा वेळी प्रत्येक ओळीचं एक कार्ड करतात. इथे ते करू नकोस. भाव हा वरून खाली नजर फिरवून ताडून पाहायचा असतो, आणि कार्डांत तो तुटतो. शिवाय तक्त्याच्या ओळींना सीएसएसनं ब्लॉक केलं की काही ठिकाणी स्क्रीन रीडरला तो तक्ता आहे हेच कळेनासं होतं.

त्याऐवजी रकान्यांकडे बघ. जात ही शेतमालाच्या नावाखाली, त्याच घरात, थोड्या लहान अक्षरात जाऊ शकते: वर ‘कांदा’, खाली ‘उन्हाळ’. परिमाण बहुतेक ठिकाणी क्विंटलच आहे, तेव्हा ते तक्त्याच्या मथळ्यात एकदाच लिही; पण कोथिंबीर, मेथी यांचा भाव नगावर किंवा शेकड्यावर निघतो, तिथे आकड्याच्या शेजारी ‘शेकडा’ असं लिहायलाच हवं. हे विसरलास तर मेथीचा भाव क्विंटलचा समजून कुणी तरी फसेल. कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर एकाच घरात बसतात: ‘९०० ते २१५०’. सर्वसाधारण दर नावाला लागूनच ठेव, ठळक, आकडे उजवीकडे जुळवलेले. सातचे चार रकाने झाले. तरी अगदी अरुंद पडद्यावर चौथा बाहेर गेला, तर तक्ता स्वतःच्या चौकटीत आडवा सरकू दे, पान सरकू देऊ नकोस, आणि शेतमालाचा रकाना डावीकडे चिकटून राहू दे. आता हाच तक्ता लॅपटॉपवर लावून बघ. माझी खात्री आहे, तिथेही तो तुझ्या सात रकान्यांपेक्षा चटकन वाचता येईल.

दुसरा एक समज सोडायला हवा. अरुंद म्हणजे मोबाइल आणि रुंद म्हणजे संगणक, असं ब्राउझर मानत नाही. दृष्टी अधू झालेले एखादे आजोबा १२८० पिक्सेलच्या पडद्यावर पान ४०० टक्के मोठं करतात, तेव्हा त्यांच्या ब्राउझरला रुंदी मिळते ३२० पिक्सेल. म्हणजे तू ‘मोबाइलसाठी’ केलेली मांडणी त्यांना संगणकावर दिसते. ‘डब्ल्यूसीएजी’ या सुगम्यतेच्या नियमावलीनं २०१८ साली नेमका हाच ३२० चा निकष घातला. तुझं ‘संगणकावर पाहा’ हे वाक्य त्या आजोबांनी संगणकासमोर बसूनच वाचावं, हे काही बरं नाही. पान मोठं करायला मनाई करणारा शब्द व्ह्यूपोर्टच्या ओळीत कुणी घालायला सांगितला तर घालू नकोस. अक्षरांची मापं पिक्सेलऐवजी ‘रेम’मध्ये दे, म्हणजे वाचणाऱ्यानं आपल्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठं ठेवलं असेल तर ते मानलं जाईल. आणि बोटाचा विचार कर. तारीख निवडायची बटणं तू इतकी दाटीनं लावली आहेस की जाड बोटाला ती साधणार नाहीत. नियमावलीत किमान माप २४ पिक्सेल आहे, ॲपल ४४ पॉइंट सांगतं. मी ४४ च्या खाली सहसा जात नाही. माउस वर नेला की दिसणारी सूचना बोटाला कधीच दिसत नाही, ती उघड लिहून टाक.

यापुढचं तुला इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सापडेल, म्हणून सावकाश वाच. तुझं पान मराठी आहे आणि तू आराखडा इंग्रजी मजकूर भरून केला आहेस. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीला १.२ ची लाइन-हाइट चालून जाते. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. परिच्छेदाला १.६ च्या आसपास ठेव आणि डोळ्यांनी तपास. बटणाला ठरावीक उंची देऊ नकोस. पॅडिंग दे, म्हणजे ‘पूर्ण तपशील’मधला दीर्घ उकार कापला जाणार नाही आणि शब्द दोन ओळींत गेले तरी बटण वाढेल. मथळ्याला लेटर-स्पेसिंग कदापि नको. अक्षरं सुटी झाली की शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि सगळा मथळा विस्कटलेला दिसतो. लहान अक्षर फार ठळक केलं तर ‘ष्ट्र’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं भरून जातात. ‘कार्यालयीन पत्रव्यवहारासंबंधीच्या’ असे लांबलचक शब्द घालून प्रत्येक घर तपास. सरकारी मराठीत ते येणारच. मेनूमध्ये ‘होम’ आणि ‘अबाउट’ असं धरून तू जागा आखलीस, तिथे ‘मुख्यपृष्ठ’ आणि ‘समितीविषयी’ येणार आहे.

फॉन्टबद्दल थोडक्यात. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ मला फार आवडतो, मथळ्यांना जरूर वापर. पण देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची शेकडो रूपं असतात, त्यामुळे फाइल जड होते. मजकुराला फोनमधलाच फॉन्ट पुरेसा आहे. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा नोटो देवनागरी असतो. जो फॉन्ट बाहेरून आणशील तो येईपर्यंत अक्षरं लपून राहणार नाहीत, याची सोय कर. छायाचित्रांचंही तसंच. लिलावाचा जो फोटो तू पहिल्या पानावर टाकलास, त्याच्या तीन-चार रुंदीच्या प्रती ‘सोर्ससेट’मध्ये दे, म्हणजे लहान पडद्याला लहान फाइल जाईल. आणि उंची-रुंदी लिहून ठेव, नाहीतर फोटो उतरला की पान खाली ढकललं जातं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

ब्राउझरमधला मोबाइलचा आभास हा मुख्यतः रुंदीचा असतो. त्यात तुझाच वेगवान प्रोसेसर चालतो, तुझ्याच ऑफिसचं वायफाय असतं आणि सावलीतला पडदा. कुणाचा तरी जुना, दोन-तीन वर्षं वापरलेला स्वस्त अँड्रॉइड मागून घे. लिलावाच्या वेळी बाजार समितीच्या आवारात जा. अडत्याच्या गाळ्यासमोर, उन्हात उभा राहून पान उघड. तुझी ती फिकट राखाडी अक्षरं तिथे वाचता येतात का ते बघ. मला नाही वाटत येतील. मग एखाद्या शेतकऱ्याच्या हातात फोन दे आणि म्हण, ‘दादा, आजचा सोयाबीनचा भाव काढून दाखवा.’ त्याला मदत करू नकोस, बोट दाखवू नकोस. तो कुठे थांबतो, कुठे चुकून दाबतो, ते टिपून घे. त्या नोंदी मला पाठव, मला त्या वाचायच्या आहेत.

आत्ता बाकीची पानं बाजूला ठेव. समितीची ओळख, संचालक मंडळाचे फोटो, बातम्या, हे सगळं नंतर. आधी एकटा बाजारभावाचा तक्ता, खऱ्या आकड्यांनिशी, खऱ्या मराठीत, ३२० पिक्सेलला करून पाठव. फिग्मात नको, थेट ब्राउझरमध्ये उघडेल असा. रविवारी सकाळी मी मोकळी असते, फोनवर सोबतच बघू.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आत्या