डिलीट केलेला फोटो जातो कुठे?

आपल्या हॉस्टेलवर सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची साथ आली आहे. कुणी मामाच्या कपाटातून काढलाय, कुणी ताईच्या लग्नातला आणलाय. मोबाईलवर याहून कितीतरी चांगले फोटो येतात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी फ्लॅश मारून चेहरा पांढराफटक झालेलाच फोटो हवा! असो. फॅशनबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की हे कॅमेरे घरातून आणताना त्यांच्यातली कार्डंही तशीच आणली जातात, आणि त्या कार्डांवर घरातले लोक असतात.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. माझी रूममेट महाडची. कॅमेरा तिच्या पोलादपूरच्या आत्याचा, २००९ साली घेतलेला निकॉन कूलपिक्स, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कार्ड १ जीबीचं. त्यावर ४१ जुने फोटो होते : महाडच्या बाजारातलं त्यांचं दुकान, गणपती, जुनी लाकडी माडी, आणि गल्ल्यावर बसलेले आजोबा. हेच फोटो घरी अल्बममध्येही होते. पण २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या पुरात अल्बम भिजून त्याचा गोळा झाला. पानं सोडवायला गेलं की रंग बोटाला लागायचा, असं काकू सांगतात. कॅमेरा पोलादपूरला होता म्हणून वाचला.

आम्ही रायगडला जाणार होतो. निघण्याआधी ती म्हणाली, "अगं, तेवढे जुने फोटो प्रोटेक्ट करून ठेव." मी एकेक फोटो उघडून प्लेबॅक मेनूतून प्रोटेक्ट केला. प्रत्येकावर किल्लीचं चिन्ह आलं. मी निश्चिंत. पाचाडहून चित दरवाजाच्या वाटेने चढलो, टकमक टोकावर वाऱ्याने ओढण्या उडाल्या, बाजारपेठेत जवळजवळ शंभर फोटो काढले. परत आल्यावर आमचे फोटो लॅपटॉपवर घेतले आणि कार्ड रिकामं करायला बसले. मेनूत दोन गोष्टी दिसल्या : 'सगळे डिलीट करा' आणि 'कार्ड फॉरमॅट करा'. फॉरमॅटने कार्ड एकदम स्वच्छ होतं असं ऐकून होते. कॅमेऱ्याने बजावलं की सगळे फोटो जातील. मी मनात म्हटलं, किल्लीवाले सोडून. ओके दाबलं. कार्ड खरोखरच स्वच्छ झालं.

(आता विचाराल, जुने ४१ पण तेव्हाच लॅपटॉपवर का नाही घेतले? घेतले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.)

नेमकं काय झालं ते समजायला आपल्या वॉर्डन मॅडमची वही डोळ्यांसमोर आणा. कोणत्या खोलीत कोण राहतं हे त्या वहीत लिहिलेलं असतं. कार्डवरही अशीच एक वही असते. जुन्या कॅमेऱ्यांच्या कार्डवर ती फॅट पद्धतीची असते, म्हणजे फाईल अ‍ॅलोकेशन टेबल. फोटोचं नाव, तो कुठून सुरू होतो, किती मोठा आहे, हे सगळं तिथे असतं. फोटो मात्र वेगळ्याच जागी, खोल्यांमध्ये.

आपण डिलीट दाबतो तेव्हा खोलीला कुणी हात लावत नाही. वहीत फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे ई५ ही खूण होते आणि त्या खोल्या रिकाम्या असल्याची नोंद होते. म्हणजे नाव कटलं, पण मुलगी अजून खोलीत झोपलेलीच आहे! नवीन अ‍ॅडमिशन येऊन ती खोली दुसऱ्या कुणाला मिळेपर्यंत तिला कुणी उठवत नाही.

प्रोटेक्ट म्हणजे वहीत त्या नावापुढे मारलेला शेरा : 'हिला काढू नये'. तांत्रिक भाषेत फाईलला 'रीड ओन्ली' असं लेबल लागतं. 'सगळे डिलीट करा' म्हटलं तर कॅमेरा प्रत्येक नावापुढचा शेरा बघतो आणि शेरा असलेलं नाव सोडतो. फॉरमॅटमध्ये तो एकेक नाव बघतच नाही. जुनी वही रद्द, कोरी वही सुरू. शेरे जुन्या वहीत होते, ते तिच्याबरोबर गेले. कॉम्प्युटरसमोरही किल्लीचा फार टिकाव लागत नाही, तो फार तर एकदा जास्त विचारतो आणि फाईल उडवतो.

कार्डाच्या कडेला जी छोटी खिट्टी असते, लॉकची, ती वेगळी. ती लावली तर चांगल्या कॅमेऱ्यात डिलीट नाही, फॉरमॅट नाही आणि नवीन फोटोही नाही. पण गंमत म्हणजे खुद्द कार्डाला त्या खिट्टीचा पत्ता नसतो. कॅमेऱ्याच्या खाचेतला स्विच तिची जागा ओळखतो आणि लिहायचं की नाही ते ठरवतो. म्हणजे तीही शेवटी शिस्तच, कुलूप नव्हे.

आता माझी दुसरी चूक, जी पहिलीपेक्षा महागात पडली. फॉरमॅट झाल्यावर कॅमेरा नीट चालतो ना बघायला मी मेसच्या थाळीचे तीन फोटो काढले. कोऱ्या वहीत आमच्या कॅमेऱ्याने पहिल्या खोलीपासून भरायला सुरुवात केली. पहिल्या खोल्यांमध्ये कोण होतं? सगळ्यात जुने फोटो. रात्री रूममेटने "आजोबांचे दाखव ना" म्हटलं तेव्हा मला कळलं.

अशा वेळी करायचं ते एकच. कॅमेरा बंद, कार्ड बाहेर, आणि त्यावर एकही नवीन गोष्ट लिहायची नाही. आमच्या एका सीनिअरने फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर दिलं. ते फुकट आणि ओपन सोर्स आहे, ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी बनवलेलं. ते वहीकडे बघतच नाही, थेट खोल्यांची दारं ठोठावतं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या बाइट्सनी होते. ती दिसली की इथे फोटो आहे असं धरून तो बाहेर काढतं. सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे, त्याच कार्डवर नाही, नाहीतर एकाला वाचवताना दुसऱ्याला बुडवाल. वही वापरलेली नसल्यामुळे मूळ नावं मिळत नाहीत, एफ आणि पुढे लांबलचक आकडा मिळतो. तारीख मात्र फोटोच्या पोटात लिहिलेली असते, ती राहते. (कॅननच्या काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असा पर्याय असतो. त्यावर टिक असती तर खोल्याही झाडून निघाल्या असत्या.)

४१ पैकी ३८ फोटो मिळाले. तीन गेले, त्यांच्या जागी डाळ, भात आणि पापड आहे. गल्ल्यावरचे आजोबा त्या तिनात होते. रूममेट काही बोलली नाही, दोन दिवस मेसला माझ्याबरोबर आली नाही इतकंच.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही लक्षात घ्या, विशेषतः मुलींनो. कॅमेरा विकताना किंवा कार्ड कुणाला देताना 'मी सगळं डिलीट केलंय' म्हणून गाफील राहू नका. मी जे हॉस्टेलच्या खोलीत बसून परत मिळवलं ते दुसरं कुणीही मिळवू शकतं. द्यायचंच असेल तर विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढून फॉरमॅट करा, वेळ लागतो पण खोल्यांमध्ये शून्यं भरली जातात. किंवा भिंतीचा व्हिडिओ काढून कार्ड गच्च भरा.

दिवाळीच्या सुट्टीत मी महाडला काकूंची माफी मागायला गेले. "अगं, तू पुरापेक्षा बरी," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवला. कॅमेरा आत्यांकडे परत द्यायचा म्हणून मी कार्ड काढलं आणि सेल संपलेत का बघायला तो चालू केला. स्क्रीनवर फोटो आला! या कॅमेऱ्याला स्वतःची थोडी मेमरी असते, आणि कार्ड आत असेपर्यंत ती दिसत नाही. मी फॉरमॅट केलं ते कार्ड, ही मेमरी तशीच राहिली होती. आत्यांनी कार्ड विकत घेण्याआधी काढलेले पाच फोटो होते. दोन हललेले, एक पंख्याचा, एक दुकानाच्या पाटीचा. पाचव्यात वजनकाटा स्पष्ट आहे आणि मागे आजोबा, थोडे धूसर, पण हसताना.

कार्ड परत घातलं, मेनूतल्या 'कॉपी'ने पाचही फोटो कार्डवर घेतले, तिथून लॅपटॉपवर, आणि काकूंच्या मोबाईलवर. एक पेन ड्राइव्ह पोलादपूरला आत्यांकडे दिला आहे. त्यांचं घर चढावर आहे.