तेल बदललं अन् काटा खाली आला

लेका, काल तुझा फोन आला तेव्हा मेडशीत लाइट गेलेली होती आणि मी बॅटरीच्या उजेडात एका ट्रॅक्टरचं चेंबर उघडून बसलो होतो. तू रत्नागिरीत मिरकरवाड्याला, मी पातूर घाटाच्या या अंगाला. समुद्र मी जन्मात दोनदा पाहिला. पण बोटीतलं डिझेल इंजीन अन् वावरातलं इंजीन, दोघांच्या अंगात तेल एकाच रीतीनं फिरतं.

तू म्हणालास, 1 जून ते 31 जुलै बंदी होती, बोट शाकारलेली होती, आता तेल-फिल्टर बदललं तर तेलाच्या दाबाचा साडेतीन किलोवरचा काटा तीनवर आला. तांडेल म्हणतो तेलात भेसळ आहे. असेलही. पण साडेतीन तू कधी पाहिलं होतंस? पहाटे गार इंजिनावर, की चार तास जाळं ओढल्यावर? रेस किती होती? गार तेल घट्ट असतं, काटा वर जातो; तापलं की पातळ होतं, काटा उतरतो. पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याशी जोडशील तर भांडण कायमचं.

आपल्या तुषार संचासारखंच समज. मोटार तीच, पण नोझल झिजले की पाणी सैल सुटतं अन् दाब पडतो. पंप तेल ढकलतो, बेअरिंगच्या फटी ते अडवतात, त्या अडवण्याला काटा दाब म्हणतो. म्हणून दाब जास्त म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

जुन्या तेलात काजळी भरलेली असते, तेल जाड झालेलं असतं. नवीन टाकलं की काटा थोडा उतरतो. हा आजार नव्हे. उलटंही होतं. नोझल किंवा डिझेल पंप गळत असेल तर डिझेल चेंबरात उतरून तेल पातळ करतं. ते काढून नवीन टाकलं की काटा वर चढतो आणि मालक खूश होतो. अशा वेळी खूश व्हायचं नाही, गळती शोधायची. डीपस्टिकचा वास घे. तेल न टाकता पातळी वाढली असेल तर वास घ्यायचीही गरज नाही.

डब्यावरचा आकडा पाहिलास का? आधी 20डब्ल्यू-50 होतं आणि आता 15डब्ल्यू-40 असेल, तर तापल्यावर काटा उतरणारच. दोन्हीतलं खरं कोणतं ते इंजिनाच्या पुस्तकात असतं, तांडेलाच्या तोंडात नसतं.

फिल्टरवर माझा जास्त राग आहे, कारण चूक मी स्वतः केली आहे. जुन्या फिल्टरचा रबरी वॉशर इंजिनालाच चिकटून राहिला, त्यावर मी नवा फिल्टर आवळला. चालू केल्यावर मिनिटभरात धुऱ्यावर तेलच तेल. तेव्हापासून बसकीवर बोट फिरवल्याशिवाय फिल्टर लावत नाही. फिल्टर उभा बसणारा असेल तर तेलानं भरून लाव. पहिल्यांदा स्टॉप ओढून धरून स्टार्टर थोडा थोडा मार, काटा हलला की मग चालू कर. पंधरा सेकंदांत काटा उठला नाही तर लगेच बंद.

बोटीत इंजीन शाफ्टाकडे कललेलं असतं. म्हणून तेल मोजायचं ते बोट पाण्यात सरळ तरंगताना. भरतीच्या घाईत, तिरकी असताना मोजशील तर जास्त भरशील. मग क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, काटा थरथरतो.

आणि खारं पाणी. ऑइल कूलर फुटला तर चालू इंजिनात दाब तेलाचा जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं. बंद केलं की पाणी तेलात शिरतं. म्हणून डीपस्टिक पहाटे पहिल्यांदा पाहायची, स्टार्टर मारायच्या आधी. तेल चहासारखं दिसलं तर बोट हलवू नकोस.

मीटरवरही लगेच विश्वास नको. खाऱ्या हवेत वायरी हिरव्या पडतात. कोणी सेन्सरच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळली असेल तर अर्थिंग तुटून काटा खोटं बोलतो. साधं नळीचं मीटर लावून ताडून पाहा. मीटर बदललं असेल तर त्याची भाषा पाहा: एक किलो म्हणजे सुमारे 14 पीएसआय.

हे सगळं नीट निघालं आणि तरीही तापलेल्या इंजिनात स्लोवर काटा तळाला जात असेल, तर बहुतेक बेअरिंग झिजलेत. तिथं जाड तेल टाकून काटा वर आणणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस; खोल पाण्यात आवाज सुरू झाला तर तिथं गॅरेज नाही.

पुढच्या वेळी जुनं तेल काढायच्या आधी इंजीन तापवून, एक स्लोचा अन् एक रेसचा, असे दोन आकडे वहीत लिही. या वेळी लिहिले नव्हतेस, म्हणून तर रात्री अकराला मला फोन. आज तेवढं तापलेल्या इंजिनाचं पाहून सांग. मी जागाच आहे, चेंबरचे बोल्ट अजून बसवायचेत.